डॅडींचा बूट आणि माझे तीन कालखंड

माझ्या संगीताचे तीन कालखंड पडतात, असं जर्मनीतल्या एका मासिकाने छापलं आहे. मी पाडलेले नाहीत. मी डेट्रॉइटमध्ये घरोघर टपाल वाटतो आणि दुपारी चार ते सहा तळघरात बसून यंत्रांवर संगीत करतो. कालखंड पाडायला मला सवड कुठली? पण त्या मासिकाच्या एका विद्वानाने माझ्या सगळ्या तबकड्या मागवल्या, ऐकल्या, आणि पहिला कालखंड ‘कारखान्याचा’, दुसरा ‘संयमाचा’ आणि तिसरा ‘मौनाचा’ असं ठरवून टाकलं. मौनाच्या कालखंडावर तर गड्याने अडीच पानं खर्ची घातली. “लिंडेल वीम्स एक ठोका देतो आणि थांबतो. तो का थांबतो?” अशी सुरुवात करून तो थेट विश्वाच्या पोकळीपर्यंत पोचला होता. वाचून मला फार बरं वाटलं. मासिक घरात दाखवायची मात्र सोय नव्हती, कारण मी का थांबतो हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मी थांबत होतो, कारण वरून डॅडी जमीन ठोकत होते.

खरे कालखंड सांगायचे तर बूट-काळ, झाडू-काळ आणि काठी-काळ.

आमचे डॅडी, म्हणजे ओथेल वीम्स, गाड्यांचे दरवाजे दाबून काढण्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं प्रेसवर होते. आमचं घर त्यांनी त्या दरवाजांवर घेतलं. त्यांची आरामखुर्ची बैठकीच्या खोलीत खिडकीपाशी, आणि तिच्या बरोब्बर खाली तळघरात माझं टेबल. ही जागा मी निवडली नाही, तळघरातला एकमेव चालू प्लग तिथे होता. एकोणिसाव्या वर्षी गहाणाच्या दुकानातून मी एक जुनं ड्रम मशीन आणलं, स्पीकर लावले आणि पहिल्याच दिवशी असा काही ठोका सुरू केला की तळघरातल्या लोणच्याच्या बरण्या फडताळात पुढे सरकायला लागल्या. पाचच मिनिटं झाली असतील. वरून धप! धप! धप! डॅडींचा पोलादी टोकाचा कारखान्यातला बूट. मी घाबरून आवाज अर्धा केला. पुन्हा धप धप. मी एक ढोल काढून टाकला. तीच माझी पहिली तबकडी. विद्वान म्हणतो, तिच्यात ‘दबलेली ऊर्जा’ आहे. असणारच. बूट पाहिलाय का त्याने?

पुढे डॅडी निवृत्त झाले, बूट कपाटात गेला आणि हाती झाडू आला. झाडूच्या दांड्याचा आवाज बारीक पण टोचरा असतो. त्या काळात मी खालचे सगळे घुमणारे सूर काढून टाकले. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं, काठी आली. ओक लाकडाच्या जमिनीवर काठी कशी वाजते ते ज्याच्या डोक्यावर वाजते त्यालाच कळतं. मी एकेक करून झांजा काढल्या, टाळ्या काढल्या, शेवटी शेवटी एका ठोक्यानंतर अकरा सेकंद काहीच नाही, मग एक बारीकसं ‘टिक’. बर्लिनमध्ये त्या ‘टिक’ला लोक डोळे मिटून उभे राहिले म्हणे. मी मात्र ती अकराही सेकंदं छताकडे बघत होतो.

आता ज्या प्रकरणात माझी अब्रू गेली ते सांगतो. एप्रिलमधला रविवार. चर्चहून येऊन आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. कोंबडी, कोलार्डची भाजी, कॉर्नब्रेड, सगळं यथासांग. डॅडींनी कोटाच्या खिशातून एक रंगीत माहितीपत्रक काढलं आणि भाजीच्या भांड्याला टेकवून उभं केलं. त्यावर पांढऱ्या केसांची चार माणसं विनाकारण हसत होती.

“मी नाव घातलंय,” डॅडी म्हणाले. त्यांचा साधा आवाज म्हणजे पार्किंगपलीकडच्या माणसाला मारलेली हाक. “म्हाताऱ्यांची इमारत आहे. नदीच्या बाजूला. एक तारखेपासून खोली मिळतीय. जूनच्या.”

माझी बायको रनीटा हिच्या हातातला चमचा ताटात पडला. “डॅडी, पण का? कुणी काही बोललं का तुम्हाला?”

“कुणी काही बोलत नाही, तेच तर. घरात मन रमत नाही माझं,” डॅडी म्हणाले, आणि कॉर्नब्रेड मागितला.

मी काय समजायचं ते समजलो. चोवीस वर्षं त्या माणसाच्या खुर्चीखाली मी धिंगाणा घातला. बिचाऱ्याने बूट झिजवला, झाडू मोडला, काठीचं रबर तीनदा बदललं. आता थकला आणि घर सोडून निघाला. त्या रात्री मी तळघरात जाऊन छत मोजून आलो. सकाळी रनीटाला म्हटलं, “मी तळघराचं छत असं बंद करतो की टाचणी पडली तरी वर कळणार नाही. मग बघू कसे जातात.”

“अरे, पण त्यांना दारावरची घंटा ऐकू येत नाही,” ती म्हणाली. “टीव्हीचा आवाज एवढा ठेवतात की समोरच्या घरातली माणसं आपल्या बातम्या ऐकतात. तुझी ती टिकटिक कुठली ऐकू यायला?”

“तुला कळत नाही,” मी म्हटलं. “ज्या माणसाला घंटा ऐकू येत नाही, त्याला स्वयंपाकघरात कुणी चॉकलेटचा कागद उलगडला तर लगेच ऐकू येतं. म्हाताऱ्यांना नको तेवढंच ऐकू येतं.” यावर तिने माझ्याकडे जसं पाहिलं, तसं ती माझ्याकडे लग्नापासून पाहत आली आहे.

खरं तर मला कुणालाच सांगायचं नव्हतं. पण आमच्या गल्लीत मोटारीतून एक लाकडी फळी उतरवली तरी पर्व्हिस गॅडी कुंपणाशी येऊन उभे असतात. गॅडी म्हणजे शेजारचे. चाळीस वर्षं घरं बांधली असं ते सांगतात. त्यातलं एकही घर त्यांनी आम्हाला अजून दाखवलेलं नाही.

“फळ्या परत कर पोरा,” ते म्हणाले. “अंड्यांचे खोके. आवाज त्या खळग्यांत जातो आणि बाहेर यायची वाट विसरतो. फुकटचं काम.”

मी बरं म्हटलं, ही चूक. दुसऱ्या दिवशी गॅडींनी चर्चमध्ये जाहीर केलं की वीम्सच्या मुलाला अंड्यांचे खोके हवेत. चार दिवसांत पोर्चवर सहाशे खोके. त्यातल्या काहींत अंडी होती. देणाऱ्यांचा हेतू चांगला होता, त्यांना वाटलं आमच्यावर वाईट दिवस आलेत. एका बाईंनी तर रनीटाला कोपऱ्यात घेऊन ‘लिंडेलची नोकरी गेली का गं?’ असं विचारलं. मी ते सगळे खोके छताला चिकटवले. आवाज तसूभर कमी झाला नाही, पण अंड्यांच्या वासाने रकून आला, मांजराएवढं चोरटं जनावर. एक नाही, दोन. नवराबायको असावेत. माझ्या सिंथेसायझरवर बसून दोघं निवांत अंडं खात होते, आणि मी त्यांना हाकलायला गेलो तेव्हा नवऱ्याने असं पाहिलं की मीच ‘माफ करा’ म्हणून जिना चढून आलो.

तेव्हा रीतसर काम करायचं ठरलं, आणि रीतसर म्हटलं की मिस व्हर्लीन आल्या. मिस व्हर्लीन आमच्या गल्लीच्या ब्लॉक क्लबच्या, म्हणजे रहिवाशांच्या मंडळाच्या, अध्यक्षा. निवडणूक दर वर्षी होते, हात त्याच मोजतात. गल्लीच्या तोंडाशी क्लबची पाटी आहे: रस्त्यात गाड्या धुऊ नयेत, हिरवळीवर चेंडू खेळू नये, मोठ्याने संगीत लावू नये. ती पाटी मी रंगवलेली आहे, कारण सेक्रेटरी मी. ‘मोठ्याने संगीत’ ही ओळ माझ्या हातून जरा वाकडी आली आहे, ती अजूनही लोक मला दाखवतात.

सभा मिस व्हर्लीन यांच्या बैठकीत भरली. “सेक्रेटरी,” त्या म्हणाल्या, “तळघरात नाचगाण्याचा क्लब काढतोयस का?”

“नाही मॅडम. उलट. आवाज बंद करतोय.”

“आवाज बंद करायचा तर आवाज करायचाच कशाला?”

सभेच्या टिपणात तो प्रश्न मलाच लिहून घ्यावा लागला. शेवटी ठरलं की शहराचा परवाना आणल्याशिवाय एक खिळा ठोकायचा नाही. ठराव एकमताने मंजूर. एक मत माझंही.

परवान्याच्या खिडकीत बसलेल्या बाईंची नखं जांभळी होती आणि प्रत्येकावर एकेक चकाकणारा खडा होता. त्या नखांनी त्यांनी माझा अर्ज उलटा केला, सुलटा केला.

“आवाज आत येऊ नये म्हणून, का बाहेर जाऊ नये म्हणून?”

“बाहेर जाऊ नये म्हणून.”

“कसला आवाज?”

“संगीत. मी स्वतः करतो. परदेशात जातं,” मी जरा मान ताठ करून सांगितलं.

“ऐकव बघू.”

रांगेत माझ्यामागे अकरा माणसं. मी फोनवर माझी ताजी रचना लावली, मौनाच्या कालखंडातली, विद्वानाची लाडकी. बाईंनी फोन कानाशी धरला. चार मिनिटं धरला. मग त्यांनी फोन काचेखालून परत सरकवला.

“सुरू कधी होणार बाळा?”

“मॅडम, संपलं.”

बाई माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. त्या बघण्यात राग नव्हता, तेच जास्त लागलं. “तुला परवाना कशाला रे,” त्या म्हणाल्या, “तुला जरा पोटभर जेवायला घालायला हवं.” आणि त्यांनी शिक्का मारला. मागच्या अकराही जणांनी मान हलवली.

त्यानंतर गॅडींनी काम हातात घेतलं. छतात आवाज शोषणाऱ्या, लोकरीसारख्या दगडी कापसाचे थर, त्याखाली रबर, त्याखाली दुहेरी फळ्या. छत इतकं खाली आलं की मला तळघरात मान वाकवूनच फिरता येई. महिनाभर टपाल वाटतानाही मी तसाच चालायचो आणि लोक विचारायचे, कोण गेलं? एक फळी माझ्या पाठीवर पडली. दुसरी गॅडींच्या पायावर पडली आणि त्यांनी चर्चला न शोभणारे चार शब्द काढले. गरम हवेच्या पाइपातून आवाज वर जातो म्हणून गॅडींनी त्यात कापूस कोंबला, आणि वर बैठकीत असा गारठा पडला की डॅडी ओव्हरकोट आणि हॅट घालून खुर्चीत बसले. कोण येईल त्याला वाटायचं, हे निघालेलेच आहेत. नवा जाड दरवाजा बसवल्यावर लक्षात आलं की सिंथेसायझर आता त्या तळघरातून ह्या जन्मी बाहेर निघत नाही.

पण काम झालं. चाचणीच्या दिवशी गॅडी वर डॅडींच्या खुर्चीशेजारी कान टवकारून उभे राहिले, मिस व्हर्लीन जमिनीला हात लावून बसल्या, आणि मी खाली सगळी बटणं पार शेवटापर्यंत फिरवली. चोवीस वर्षांत प्रथमच. ढोल, झांजा, टाळ्या, सगळे एकदम! लोणच्याची एक बरणी खाली येऊन फुटली. मी घामाघूम होऊन वर धावलो.

“काय?”

“सुरू केलंस का?” गॅडींनी विचारलं.

मिस व्हर्लीन यांनी स्वतः पीच कॉब्लर, डॅडींचं जिवापाड लाडकं गोड, आणलं होतं. टाळ्या झाल्या. डॅडी हॅट घालून बसले होते. त्यांनी पायाकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं, आणि कॉब्लर नको म्हणाले. ओथेल वीम्स यांनी पीच कॉब्लर नाकारलं! मी तेव्हाच काय ते ओळखायला हवं होतं. पण मी माझ्या विजयात होतो.

पुढचे तीन आठवडे मी मनमुराद वाजवलं. माझ्या तबकड्या काढणाऱ्या बर्लिनच्या कंपनीला जूनच्या पहिल्या आठवड्यात चार नव्या रचना द्यायच्या होत्या. काठी एकदाही वाजली नाही. आणि मला सांगायला लाज वाटते, एकही रचना जमली नाही. ठोका द्यायचो आणि सवयीने वर बघायचो. वर काही नाही. मग पुढे काय करायचं तेच सुचेना. एक रचना कशीबशी पाठवली, तर कंपनीच्या होल्गरने कळवलं, “सगळं आहे, पण कुणाशी बोलतोयस ते कळत नाही.” होल्गर फार सभ्य माणूस. सभ्य माणसांचं जास्त झोंबतं.

आणि वर डॅडी सामान बांधत होते. एकेक फोटो भिंतीवरून काढून बुटांच्या खोक्यात घालत होते. जेवण अर्ध्यावर आलं होतं. एक तारीख चार दिवसांवर आली, तेव्हा माझा संयम, म्हणजे दुसऱ्या कालखंडातला, सुटला. मी टपालाच्या गणवेशातच त्यांच्या खुर्चीसमोर जाऊन उभा राहिलो.

“डॅडी!” मी ओरडलो, कारण त्यांच्याशी तसंच बोलावं लागतं. “पाठ मोडून घेतली मी! रकून पोसले! त्या खिडकीतल्या बाईंनी अकरा माणसांदेखत माझी कीव केली! आता एक आवाज वर येत नाही! आता तरी का जाताय?”

“म्हणूनच जातोय,” डॅडी म्हणाले.

“म्हणजे?”

“तू बंद केलंस ना वाजवायचं.” त्यांनी काठीने जमिनीकडे बोट दाखवल्यासारखं केलं. “तीन आठवडे झाले, जमीन हलत नाही. त्याआधी पण... दरवर्षी कमी, दरवर्षी कमी. म्हटलं, पोराला आपलं ओझं होतंय.”

“पण तुम्हीच तर ठोकत होतात! ‘बंद कर’ म्हणून!”

“बंद कर?” डॅडी हॅट काढून माझ्याकडे बघायला लागले. “कुणी सांगितलं तुला बंद कर म्हणून? अरे गाढवा, प्रेसवर कुणाला काय ऐकू येतं? दहा वर्षांत दोन्ही कान गेले माझे. सगळ्यांचेच जायचे. शेजारच्या प्रेसवरच्याला सांगायचं असलं की ‘मी आहे, तू चालव’, तर बूट आपटायचा लोखंडी पत्र्यावर. पायातून कळायचं त्याला. चौतीस वर्षं मी दुसऱ्या कशाने बोललोच नाही तिथे. पहिल्या दिवशी तू खाली वाजवलंस ते माझ्या तळपायाला लागलं. मला वाटलं, बरोबर आमच्या प्रेससारखं आहे की! म्हणून मी बूट आपटला. म्हटलं, मी आहे, तू चालव.”

मी खाली बसलो. गणवेशासकट, जमिनीवर.

“आणि तू हळू केलंस,” डॅडी म्हणाले. “मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. म्हणून जोरात आपटला.”

“चोवीस वर्षं, डॅडी! एकदा तोंडाने सांगायचं होतं!”

“सांगत होतो की,” डॅडी म्हणाले. “रोज चार वाजता.”

आता हे त्या विद्वानाला कुठल्या तोंडाने कळवायचं? रनीटा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हसत होती आणि एप्रनला डोळे पुसत होती. मला दोन्हींपैकी एकही धड करता येईना. मी उठलो, मोटारीतून लोखंडी पहार काढली आणि तळघरात उतरलो.

पहिली फळी खाली आली तसे गॅडी धावत आले. “अरे पोरा, वेड लागलं का? माझं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम आहे ते!” त्यांच्यामागून मिस व्हर्लीन. “सेक्रेटरी, परवाना बसवायचा होता. काढायचा कुठाय?” मी दोघांना खाली बसवून सगळं सांगितलं. मिस व्हर्लीन यांचे यजमानही त्याच कारखान्यातले, आता नाहीत. त्यांनी खाली पडलेली फळी पायाने जरा दाबून बघितली. मग म्हणाल्या, “आमचे हे जेवताना टेबलाखाली पाय आपटायचे. मी आपली दरवेळी रागवायचे.” त्यांनी पर्स गॅडींच्या हातात दिली आणि एक फळी स्वतः ओढून काढली. दगडी कापूस गॅडींनी घरी नेला. पाटीवरच्या वाकड्या ओळीखाली ‘चार ते सहा सोडून’ एवढं लिहायचा ठराव पुढच्या सभेत मंजूर झाला, तोही मलाच रंगवावा लागला.

दुसऱ्या दिवशी चारला मी एकोणिसाव्या वर्षीचा तो पहिला ठोका लावला, पूर्ण आवाजात, काहीही न काढता. बरण्या सरकायला लागल्या. वरून धप! धप! माझा हात सवयीने बटणाकडे गेला. खरंच गेला हो. मी तो मांडीखाली दाबून बसलो आणि तसंच वाजू दिलं. वरची काठी थांबली नाही. ती तालात होती. सगळ्या कालखंडांत ती तालातच होती आणि मी मूर्ख तालाला घाबरून ताल काढून टाकत होतो. छताला मी एक मायक्रोफोन लावला. चार रचना सहा दिवसांत झाल्या. म्हाताऱ्यांच्या इमारतीकडून ‘खोली घेता का’ म्हणून फोन आला, तेव्हा डॅडींना तो ऐकू आला नाही.

होल्गरने उलट टपाली विचारलं, तो लाकडासारखा आवाज कुठल्या यंत्राचा? विद्वान तर चौथ्या कालखंडाची जुळवाजुळव करतोय. मी कळवलं, यंत्र नाही, माणूस आहे, तबकडीवर नाव घाला. नाव घातलं त्यांनी: ‘ओथेल वीम्स, बूट आणि काठी’. सप्टेंबरात खोकं आलं. डॅडींनी चष्मा लावला, तबकडी खिडकीशी नेली आणि नाव बोटाने वाचलं. मग एकदम त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“हे खोटं आहे,” ते म्हणाले. “यात बूट कुठाय?”

“डॅडी, असू दे ना. जुन्या दिवसांचा मान म्हणून—”

“वाजवलं नाही त्याच्यावर नाव लावत नाही मी,” असं म्हणून ते काठी टेकत आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला, नंतर काहीतरी शोधल्याचा, रनीटाला हाक मारल्याचा. ती वाकून त्या पोलादी टोकाच्या बुटाची नाडी बांधत होती ते मी दारातून पाहिलं. एकाच पायात, ऑपरेशन न झालेल्या.

“जा खाली,” डॅडी म्हणाले. “चार वाजायला आले.”